बिननंबराची दाढ

फोन आला तेव्हा डॉक्टर हेमांगी पागधरेचा उजवा हात कोपरापर्यंत एका म्हशीच्या पोटात होता. म्हशीच्या मालकाने फोन तिच्या कानाला लावून धरला. पलीकडून एका म्हाताऱ्याचा करवादलेला आवाज आला.

"मनोरच्या सरकारी दवाखान्यातल्या जनावरांच्या डॉक्टर ना तुम्ही? घोड्याची दाढ ओळखता येते का?"

"घोडा आजारी आहे?"

"घोड्याला मरून हजारो वर्षं झाली. दाढ चोरीला गेलीय. तिच्या जागी दुसरी ठेवलीय. ती दुसरी आहे एवढं तुम्ही येऊन सांगायचं."

हेमांगीने सांगितलं की आज रविवार आहे आणि दगड झालेल्या दातांच्या चोऱ्या हे तिचं खातं नाही. त्यावर म्हाताऱ्याने विचारलं, रविवारचा पगार कापून घेता का? मग बळवंत खालकर हे नाव आणि पत्ता सांगून फोन ठेवून दिला.

रेडकू बाहेर आलं, उभं राहिलं, आईच्या सडांना लागलं. हात धुता धुता हेमांगीचा राग काही उतरेना. त्या म्हाताऱ्याला तोंडावर चार शब्द सुनवायचे, एवढ्याच हेतूने ती चिल्हार रस्त्याने बोईसरकडे निघाली. विकतचं श्राद्ध म्हणतात ते हेच, असं तिला वाटेत दोनदा वाटलं, पण स्कूटर काही तिने वळवली नाही.

इमारत बोईसरात सालवडच्या अंगाला होती. खाली वॉचमन होता. बळवंत खालकरांचं नाव काढताच त्याने कपाळाशी बोट फिरवलं.

"तीसरे माले पे. लिफ्ट नहीं है. बुड्ढे बाबा का सिर सटक गया है मॅडम, सँभाल के."

दार म्हाताऱ्याच्या मुलाने उघडलं. प्रणव खालकर. पस्तिशीचा, स्वच्छ, हळू आवाजात बोलणारा. कुंभवलीच्या बाजूच्या एका रंगाच्या कारखान्यात तो प्रयोगशाळा सांभाळायचा. हेमांगीने ओळख सांगताच त्याने हात जोडले.

"नानांनी तुम्हालाही त्रास दिला का? माफ करा. गेल्या आठवड्यात पोलीस झाले, कॉलेजचे सर झाले. आता तुम्ही."

मग त्याने दारातच सगळं सांगून टाकलं. नाना विसरायला लागलेत. गॅस चालू ठेवतात. आई जाऊन चार वर्षं झाली, तरी परवा तिला चहा मागितला. आणि आता हे दाढेचं खूळ. उद्या डोक्याचे डॉक्टर घरी येणार आहेत. त्यांनी भ्रम आहे म्हटलं की हायवेवरच्या वृद्धाश्रमात जागा ठरलेली आहे. नाना स्वतःहून जाणार नाहीत, म्हणून हा द्राविडी प्राणायाम.

"त्यांच्याच भल्यासाठी," प्रणव म्हणाला. "तुम्ही फक्त एवढं करा. ती दाढ तीच आहे म्हणून सांगा. जीव शांत होईल त्यांचा."

हेमांगीला कोणी काय सांगायचं ते आधी शिकवलं की ती हमखास उलटं बोलते. ती सरळ आत निघाली.

आतल्या खोलीत पलंगावर नाना बसले होते. दोन्ही गुडघे सुजलेले, पुढ्यात चार पायांची काठी, डोळे मात्र ससाण्याचे.

"उशीर केलात. आणि ह्याने दारातच तुमचे कान भरले. ऐकू येतं मला."

"मग हेही ऐका," हेमांगी म्हणाली. "फोनवर पुन्हा असं बोललात तर मी घोड्याचं इंजेक्शन घेऊन येईन."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने उशीखालून चष्मा काढला. भांडणारं माणूस त्याला खरं वाटत असावं, कारण त्यानंतर तो नीट बोलला.

नाना मूळचे निफाडकडचे. गोदावरीच्या दरडीतून हाडं, दात, शिंगांचे तुकडे गोळा करायचा नाद त्यांना शाळेपासून. नोकरी इथल्या वीजकेंद्रात लागली, तरी प्रत्येक सुट्टीत पोरगं खांद्यावर घेऊन नदी गाठायची. त्या साऱ्या वर्षांचा संसार भिंतीतल्या एका काचेच्या कपाटात होता. नानांनी कमरेच्या करदोट्याची किल्ली सोडून हेमांगीला दिली.

कपाट उघडताच तिला जाणवलं की हा माणूस इतरांशी कसाही वागो, ह्या दगडांशी फार सभ्यपणे वागलाय. प्रत्येक तुकड्याखाली कापूस. प्रत्येक तुकड्यावर पांढऱ्या रंगाचा नखाएवढा ठिपका आणि त्या ठिपक्यावर काळ्या शाईने नंबर. कागदाची चिठ्ठी नाही. नंबर थेट वस्तूवर.

मधल्या खणात एक तपकिरी दाढ होती. पुढे निमुळती, वर घडीघडीचं नक्षीकाम. घोड्याची, खालच्या जबड्यातली, दाढांच्या रांगेतली पहिली. तिच्यावर ठिपका नव्हता.

"तुमची कशी होती?"

"हिच्यासारखीच. पहिलीच. आकार हाच, रंग जवळपास हाच. पण माझी जड होती. आणि माझ्या बावीस नंबरला मी स्वतः ठिपका लावलाय."

"ठिपका पुसला गेला असेल," दाराशी उभा प्रणव म्हणाला.

"बाकीच्यांचा पुसला गेला नाही," हेमांगी म्हणाली.

तिने दाढ तळहातावर तोलली. मग खिडकीशी नेऊन फिरवून फिरवून पाहिली. पुढच्या टोकाशी, जिथे कड टोकदार असायला हवी, तिथे एक तिरपा सपाट काप होता. गुळगुळीत, चकचकीत. पाटीवर पेन्सिल घासून घासून एका अंगाने झिजावी तसा. तिने त्यावरून बोट फिरवलं.

"कधी कळलं तुम्हाला?"

"गेल्या रविवारी. आंघोळ झाली, कपाट उघडलं, समोर ही. पहिल्या नजरेत कळलं."

"किल्ली नेहमी कमरेला?"

"नेहमी."

"आंघोळीच्या वेळी?"

नानांनी नाक फुगवलं. "भिजली की गंजते. तेवढा वेळ स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगतो."

"आंघोळ तुम्ही स्वतः करता?"

"मी घालतो," प्रणव मध्येच म्हणाला. "दर रविवारी तेल लावून. आजकाल कोण करतं? सुनेने सासऱ्याला आंघोळ घालायची पद्धत आमच्यात नाही. आणि बाहेरचा माणूस नानांना चालत नाही."

"मुलगा आंघोळ घालतोय, तेवढ्यात सून कपाट उघडते," नाना म्हणाले. "हिशेब सोपा आहे."

त्याच क्षणी समिधा पाण्याचा तांब्या घेऊन आत आली. हिशेब तिने ऐकला होता. चेहऱ्यावर रेषही हलली नाही. तिने तांब्या ठेवला, सासऱ्याच्या पायाशी घसरलेलं पांघरूण उचलून नीट केलं आणि हेमांगीला म्हणाली की नानांचं बोलणं मनावर घेऊ नका, ते आजारी आहेत.

"मी आजारी नाही. तू चोर आहेस."

"बरं," समिधा म्हणाली.

हे रोजचं असावं. हेमांगीने गोठ्यात हाणामारी करणारे रेडे पाहिले होते, पण त्यांच्यात इतका थंडपणा नसतो. समिधा इथल्या एका शाळेत शिकवायची. माहेर चिंचणीचं, समुद्राजवळची चिकूची वाडी. लग्न दोघांनी ठरवलेलं, नानांना न विचारता. लग्नात मानपान नीट झाला नाही म्हणून नानांनी पहिल्या वर्षी तिच्या हातचं खाल्लं नव्हतं. हे सगळं नानांनीच सांगितलं, आणि तेही तिच्या समोर, एखादा जुना विजय सांगावा तसं.

हेमांगीने सहज म्हणून दाढ समिधाच्या हातात दिली. "जरा धरा, मी चष्मा पुसते."

समिधाने दाढ घेतली. ती तिच्या हाती बहुधा पहिल्यांदाच आली असावी, कारण कपाटाला हात लावायची तिला मनाई होती. तिने दाढ उलटी केली. तिचा अंगठा सरळ त्या तिरप्या कापावर गेला आणि तिथेच थांबला. मग तिने दाढ घाईने कापसावर ठेवली आणि भाजी लागेल म्हणून आत निघून गेली.

हेमांगी बाहेरच्या खोलीत आली. भिंतीवर लग्नाचा फोटो होता. पांढऱ्या घोडीवर फेटा बांधलेला प्रणव, घोडीचा लगाम धरून एक हसरा तरुण. घोडी मान झटकत होती. तोंडात जाडजूड लोखंडी सळई, ओठांच्या कडेला फेस.

"हा कोण?"

"मेव्हणा. धीरज," प्रणव म्हणाला. "चिंचणीच्या किनाऱ्यावर घोडे फिरवतो, वरातीलाही देतो. ती घोडी गेली मागच्या साली. चांदणी नाव होतं."

त्याचा फोन वाजला. तो खिडकीकडे वळून हळू आवाजात हिंदीत बोलला. हां, हां, पहली से पक्का, रूम देख के रखो. फोन खिशात टाकून तो पुन्हा वळला तेव्हा चेहऱ्यावर तीच काळजी होती.

हेमांगीने त्याच्याकडे एक जाड सुई, थोडा कापूस आणि स्पिरिट मागितलं.

"कशाला?"

"तुम्हीच म्हणालात ना, नानांचा जीव शांत करा."

चौघेही नानांच्या खोलीत जमले. समिधा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. हेमांगीने मेणबत्तीवर सुई लाल केली, दाढेच्या मुळाशी न दिसणाऱ्या जागी टेकवली आणि दाढ नानांच्या नाकाखाली धरली.

"कसला वास?"

"केस जळल्याचा."

"दगड जळला तर असा वास येत नाही. हजारो वर्षं मातीत राहिलेल्या हाडात जळायला काही उरत नाही. वासरांची शिंगं डागताना मी नेहमी हा वास घेते. ही दाढ ताजी आहे. अलीकडेपर्यंत ती एका जिवंत घोड्याच्या तोंडात होती."

नानांनी काठीवरची मूठ घट्ट केली. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्यांनी मान भिंतीकडे वळवली. आठवडाभर साऱ्या बोईसरने त्यांना वेड्यात काढलं होतं. आता कोणीतरी मोठ्याने सांगितलं होतं की ते बरोबर होते.

"म्हणजे नाना खरं बोलत होते," प्रणव सावकाश म्हणाला. मग त्याने खेदाने मान हलवली. "पण मग हे जास्तच वाईट. किल्ली त्यांच्याकडे. कपाट त्यांचं. त्यांनीच कुठूनतरी ही आणून ठेवली असेल आणि खरी कुठे टाकली ते विसरले असतील. उद्या डॉक्टरांना हेही सांगावं लागेल."

हे इतकं गुळगुळीत होतं की हेमांगीला क्षणभर त्याचं कौतुक वाटलं. नानांचा चेहरा पडला. त्यांनी स्वतःच्याच हातांकडे पाहिलं. त्या क्षणी म्हातारा स्वतःवरच शंका घेत होता, आणि हेमांगीला फार राग आला. म्हाताऱ्याचा नाही.

"तीन मजले उतरता येतात का ह्यांना?"

"नाही," समिधा दारातून म्हणाली. "दसऱ्यापासून खाली गेले नाहीत."

"मग घोड्याचा दात कुठून आणतील?"

"घोडा म्हणालात ना?" नाना एकदम ताठ झाले. "ताजा घोडा? मग विचारायचं काय! घोडे हिच्या माहेरी. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, ते हेच. भावाने दाढ दिली, हिने ठेवली. मी काय म्हणत होतो?"

समिधा पांढरीफटक पडली.

"बसा, नाना," हेमांगी म्हणाली. "तुम्ही चोरी बरोबर ओळखलीत. आता चोर मला ओळखू द्या."

तिने स्पिरिटमध्ये कापूस बुडवला, दाढेवर घासला आणि कापूस पांढऱ्या बशीत ठेवला. तपकिरी डाग हळूहळू पसरला. पसरता पसरता त्याच्या एका कडेला नारिंगी रंग फुटला, दुसऱ्या कडेला निळा.

"हा रंग चहाचा नाही, काताचा नाही, मातीचा नाही. तपकिरी दिसावा म्हणून दोन-तीन रंग मापून मिसळलेत. पण बोईसरात असे रंग नाल्यातही वाहतात, तेव्हा एवढ्यावर मी कोणाचं नाव घेणार नाही. आधी दुसरा प्रश्न. चोर वस्तूच्या जागी नक्कल कशासाठी ठेवतो?"

"चोरी लवकर कळू नये म्हणून," नाना म्हणाले.

"मग त्याने पहिली गोष्ट कुठली केली असती?"

नानांचं तोंड उघडं राहिलं. उत्तर त्यांना आलं होतं.

"ठिपका," ते म्हणाले.

"पांढरा रंग आणि काळी शाई. रंग मापून मिसळणाऱ्याला हे दोन मिनिटांचं काम. शेजारी पन्नास नमुने बघायला आहेत. तरी त्याने ठिपका लावला नाही. का? कारण नानांनी पहिल्या नजरेत ओळखावं हीच त्याची इच्छा होती. ही नक्कल नानांना फसवायला केलेली नाहीच. नाना सोडून बाकी सगळ्यांना फसवायला केलीय. नानांनी चोरी म्हणून ओरडायचं, पोलिसांनी यायचं, बघायचं तर जागेवर दाढ आहे, अगदी तशीच. फक्त नंबर नाही, आणि नंबर काय, पुसला जातो. मग वेडं कोण ठरतं?"

प्रणव हसला. "तर्क छान आहे. पण घोडा समिधाच्या माहेरचा आहे, हे तुम्ही विसरताय."

"तेच सांगते. ह्या दाढेच्या पुढच्या टोकाला काप आहे. हा लगामाचा काप. लोखंडी सळई तोंडात असली की घोडा ती चघळतो आणि पहिली खालची दाढ पुढून झिजते. गोदावरीच्या दरडीतला घोडा कोणी कधी लगाम घालून पाळला नव्हता. नानांच्या दाढेवर असा काप असणं शक्य नाही. घोड्यांच्या घरात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मघाशी समिधाताईंच्या हातात दाढ दिली तेव्हा त्यांचा अंगठा थेट तिथे गेला. म्हणजे त्यांना खूण माहीत आहे. एका जबड्यात खालच्या डझनभर दाढा. काप फक्त दोन्ही बाजूंच्या पहिल्या दाढेवर. नक्कल करताना समिधाताई नेमकी हीच उचलतील? ती उचलेल असा माणूस, ज्याला फक्त नानांच्या दाढेचा आकार माहीत आहे, घोडा माहीत नाही. जो आयुष्यात एकदाच घोड्यावर बसलाय. तेही फेटा बांधून."

बाहेरच्या खोलीतला फोटो पाहायला कोणी गेलं नाही. पाहायची गरज नव्हती.

"ताई," हेमांगी समिधाला म्हणाली, "तुम्हाला ती चांदणीची दाढ वाटली. म्हणून तुम्ही गप्प राहिलात."

"मला वाटलं, धीरजचं नाव येईल," समिधा म्हणाली. "आमच्याकडे जनावर मेलं की चिकूच्या आळ्यात पुरतात. झाडाला खत होतं. पावसाआधी आळं रुंद करताना तिचं डोकं वर आलं होतं. हे घरच्यांनाच माहीत होतं."

"घरच्यांना, म्हणजे जावयालाही?"

समिधा पलंगाशी आली. तिने फोन काढला, नंबर लावला आणि आवाज मोठा करून फोन पलंगावर ठेवला. पलीकडे समुद्राचा वारा आणि घंटांचा आवाज. तिने भावाला एवढंच विचारलं की चांदणीच्या डोक्यातली दाढ कोणी नेली.

"भावोजी नाय का आलते, गणपतीच्या आधी?" धीरज म्हणाला. "तेच घेऊन गेले पुढची. बोलले, नानांना जमवायचा नाद हाय, अचानक देतो, खूश व्हतील. तुला नको सांगू बोलले, म्हणून नाय सांगितलं. का गं, आवडली नाय काय त्यांना?"

समिधाने फोन बंद केला.

प्रणव खुर्चीवर बसला आणि त्याचा तो हळू, स्वच्छ आवाज नाहीसा झाला. त्याने सांगितलं की गुजरातेत दहेजला नवी नोकरी मिळालीय, एक तारखेला हजर व्हायचंय. नाना बोईसर सोडायला तयार नाहीत आणि आश्रमात जायलाही तयार नाहीत. दोनदा विचारलं, दोनदा त्यांनी काठी उगारली.

"मी काय करायचं होतं?" तो म्हणाला. "गॅस खरंच चालू राहिला होता. आईला चहा खरंच मागितलात. तुम्ही चाललाच होतात त्या वाटेने, मी थोडं पुढे ढकललं. किल्ली खिळ्यावरून आधी काढून ठेवली. तुमच्या डोक्याला तेल थापलं, मुरू द्या, डोळे मिटून बसा म्हणालो आणि तेवढ्यात कपाट उघडलं. तुम्ही बसलात डोळे मिटून."

हेमांगीला हे ऐकवेना. नानांनीही ऐकलं नसावं, असं तिला वाटावं इतके ते स्थिर बसले होते. मग त्यांनी विचारलं, "माझी दाढ कुठे आहे?"

प्रणव खाली गेला आणि स्कूटरच्या डिकीतून रुमालात गुंडाळलेली दाढ घेऊन आला. पांढरा ठिपका, काळा बावीस. नानांनी ती हातात घेतली, तोलली, पण कपाटात ठेवली नाही.

"उद्या तो डॉक्टर येऊ दे," ते म्हणाले. "मी वेडा आहे का, ते मीच त्याला विचारतो. आणि घर माझ्या नावावर आहे. एक तारखेची वाट बघू नकोस. आजच जा. सून राहील इथे. तिची इथे नोकरी आहे."

हे बोलताना म्हाताऱ्याच्या आवाजात एक प्रकारचं औदार्य होतं. आपण केवढा मोठा न्याय केला, असं त्यांना वाटत होतं. त्यांनी समिधाकडे पाहिलं, आणि तिने आता काहीतरी चांगलं बोलावं अशी वाट पाहिली.

समिधा आत गेली. कपाटाचे आवाज आले. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बॅग होती.

"कुठे?" नाना म्हणाले.

"चिंचणीला."

"पण तू काही केलं नाहीस. सिद्ध झालं ना आता?"

"हो. आणि तुम्हाला काही झालेलं नाही, हेही सिद्ध झालं." तिने बॅग खाली ठेवली, पदराने कपाळ पुसलं. "नाना, माणूस आजारी आहे, डोकं ठिकाणावर नाही, म्हणून मी ऐकून घेत होते. चोर म्हणालात, माझ्या आईबापाला भिकारी म्हणालात, भाताला हात लावला की घास मोजायचात. मी मनाला सांगायचे, हे नाना बोलत नाहीत, आजार बोलतोय. सासूबाई गेल्यापासून चार वर्षं हेच सांगितलं. आज डॉक्टरबाईंनी दाखवून दिलं की तुम्ही पूर्ण शुद्धीत आहात."

नानांनी हातातली दाढ पलंगावर ठेवली.

"ह्याने मला सांगितलं नाही, ते मी त्याच्याशी बघीन," ती प्रणवकडे न पाहता म्हणाली. "तुमच्याशी बघायचं काही उरलं नाही."

ती बॅग उचलून, चप्पल घालून बाहेर पडली. प्रणव तिच्या मागे दोन पावलं गेला आणि उंबऱ्यात थांबला.

"तिला सांगा," नाना हेमांगीला म्हणाले. "डॉक्टरबाई, तिला सांगा, माझी चूक झाली."

"मी जनावरांची डॉक्टर आहे," हेमांगी म्हणाली. "हे तुम्हालाच सांगावं लागेल."

म्हातारा उठला. काठी पुढे, मग एक पाय, मग दुसरा. मुलाने आधाराला हात पुढे केला, तो त्याने झिडकारला. खोली, पॅसेज, उंबरा. जिन्याच्या कठड्याला धरून तो खाली वाकला. समिधा दुसऱ्या मजल्यावर पोचली होती.

"समिधा," नाना म्हणाले. "मी चुकलो. चोर तू नव्हतीस."

खाली पावलं थांबली. नाना कठडा घट्ट धरून वाट बघत राहिले. मग पावलं पुन्हा वाजू लागली, आणि ती खालीच जात होती.